अळी काय खाते, ते आधी ठरवा

हॉटेलांचं एक टन उरलंसुरलं अन्न ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांना घातलं आणि सगळं सुरळीत पार पडलं, तर हाती वाळलेली अळी येते ३५ ते ४० किलो. हा आकडा आधी सांगायचं कारण असं की, जनावरांच्या खाद्यात ‘सोयापेंडीला पर्याय’ म्हणून या अळीचा जो गाजावाजा चालला आहे, तो इथपर्यंत आला की अडखळतो. गेल्या काही वर्षांच्या मंदीत सोयापेंड किलोला तीस-चाळीस रुपयांना मिळाली आहे. त्या भावानं टनभर खरकट्यातल्या अळीचे होतात फार तर सोळाशे रुपये. एवढ्यात ते खरकटं गोळा करणं, निवडणं, दळणं, अळी बारा दिवस सांभाळणं, चाळणं, उकळणं आणि वाळवणं बसवायचं. नुसत्या वाळवणीचा हिशेब करून पाहा. ३५ किलो कोरड्या मालासाठी ओली अळी लागते ११० किलोच्या आसपास. तिच्यातलं पंचाहत्तर किलो पाणी उडवायला विजेवरचा ड्रायर ७० ते ९० युनिट खातो. किलोमागे वीस रुपये तिथेच गेले.

मग हा नाद सोडून द्यावा का? नाही. अळी कामाची आहे, फक्त तिचं पहिलं काम वेगळं आहे. ती ओल्या कचऱ्याची विल्हेवाट लावते, आणि खाद्य हा त्या कामाचा जोडमाल आहे. हा क्रम उलटा लावला की सगळा हिशेब बिघडतो, पैशाचाही आणि पर्यावरणाचाही. म्हणून सरकारनं अनुदान, कर्ज, प्रशिक्षण वगैरे योजना काढण्याआधी एक गोष्ट कागदावर आणावी: कोणती अळी काय खाऊन वाढली तर कोणत्या जनावराच्या खाद्यात चालेल.

ही माशी आपल्याला अनोळखी नाही. मूळची अमेरिका खंडातली, पण आता उष्ण प्रदेशांत सगळीकडे आहे. गच्चीवर कंपोस्टचा डबा ठेवणाऱ्यांना पावसाळ्यात ज्या चपट्या, करड्या-तपकिरी, जाड कातडीच्या अळ्या दिसतात आणि ज्यांच्यावर घाबरून चुना टाकला जातो, त्या बहुतेक वेळा याच. प्रौढ माशी काळी, गांधीलमाशीसारखी दिसते, पण चावत नाही. ती अन्नावर घोंगावतही नाही, कारण अळीपणी साठवलेल्या चरबीवरच तिचं पुढचं आयुष्य निघतं. आठवडाभर जगते, मीलन करते, चारपाचशे किंवा त्याहून जास्त अंडी घालते आणि मरते. घरमाशीसारखी ती रोग घेऊन फिरत नाही, याचं मुख्य कारण हेच. अंडी ती कचऱ्यात घालत नाही, कचऱ्याजवळच्या कोरड्या फटीत घालते. म्हणून आंबवलेल्या कचऱ्याच्या डब्यावर दीड-दोन मिलिमीटर फट ठेवून लाकडी पट्ट्यांच्या जुड्या ठेवल्या की अंडी गोळा होतात.

पुढचं काम कागदावर सोपं आहे. चार दिवसांत अंडी फुटतात. पिल्लं पाच दिवसांची होईपर्यंत कोंडा किंवा कोंबडीखाद्यावर वाढवतात. मग ६० बाय ४० सेंटिमीटरच्या क्रेटमध्ये दहा हजार पिल्लं आणि बारा दिवसांत तीन हप्त्यांत मिळून १५ किलो दळलेला कचरा, असं प्रमाण चांगलं रुळलेलं आहे. दिवसाला पाच टन कचरा घेणाऱ्या केंद्राला याच हिशेबानं रोज ३३३ नवे क्रेट भरावे लागतात, म्हणजे एका वेळी चार हजार क्रेट मांडलेले. त्यासाठी रोज ३३ लाख पिल्लं हवीत. पिल्लांतली मर धरली तर सव्वाशे-दीडशे ग्रॅम अंडी, आणि तेवढी अंडी घालायला रोज नऊ-दहा हजार माद्या. कचरा संपवणारी बाजू अवघड नाही. रोज न चुकता दीडशे ग्रॅम अंडी काढणं अवघड आहे, आणि बहुतेक केंद्रं तिथेच आडवी होतात.

कारणंही नेमकी आहेत. मीलनाला प्रखर उजेड लागतो. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस आभाळ गच्च राहिलं की जाळीतल्या माश्या नुसत्या बसून राहतात आणि अंडी पडतात ती फलित नसलेली. योग्य तरंगलांबीचे एलईडी लावावेच लागतात, साधे ट्यूब चालत नाहीत. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये उलटी अडचण असते. हवेतली आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली गेली की अंडी वाळून जातात. नाशिककडे जानेवारीच्या थंडीत वाढ लांबते, कारण अळीला २७ ते ३० अंश मानवतं. मुंग्यांसाठी मांडणीचे पाय तेल-पाण्याच्या वाट्यांत ठेवतात. एक वाटी सुकली तरी रात्रीत एक रांग साफ होते. कोषांत अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या त्याहून वाईट, कारण माशी बाहेर यायची वेळ येईपर्यंत नुकसान कळतच नाही.

क्रेटमध्ये बिघडतं ते बहुधा पाण्यामुळे. कचऱ्यात ७० ते ८० टक्के ओल हवी. मुठीत दाबला की दोन-चार थेंब गळावेत, धार लागू नये. कोबी, काकडी, कलिंगड यांत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, आणि क्रेटला निचरा नसतो. तळाशी रस साचला की तिथली हवा संपते, घाण वास येतो आणि अळ्या भिंतीवरून चढून बाहेर पडतात. भुसा, बगॅस (उसाचं चिपाड) किंवा कोंडा मिसळून ओल उतरवावी लागते. थर सहा-सात सेंटिमीटरपेक्षा जाड झाला तर दुसरंच संकट. हजारो अळ्यांच्या हालचालीनं आतलं तापमान पंचेचाळीसच्या पुढे जातं आणि मधल्या अळ्या शिजून मरतात. आणि कचरा आणून दोन दिवस तसाच ठेवला तर त्यात आधी घरमाशी अंडी घालते. मग शेजारचे तक्रार करतात ती रास्तच असते.

आता पहिल्या आकड्याकडे परत येऊ, कारण तो हॉटेलच्या अन्नाचा आहे. शिजलेल्या अन्नात पाव भाग कोरडा असतो आणि त्यातला साधारण १४ टक्के भाग अळीत उतरतो. पाच टनांतून पावणेदोनशे किलो कोरडी अळी. मंडईचा भाजीपाला घेतला तर कोरडा भाग जेमतेम दहा टक्के, आणि त्यात प्रथिनं इतकी कमी की अळीत पाचेक टक्केच उतरतात. पाच टनांतून निघते पंचवीस किलो. सातपट फरक! नगरपालिकेपुढे सादरीकरण करताना हॉटेलच्या अन्नाचे आकडे दाखवायचे आणि प्रत्यक्षात मंडईचा कचरा घ्यायचा, ही या धंद्यातली नेहमीची चलाखी आहे.

मग अळीला चांगलं खाऊ घातलं तर? इथेच युरोपची गोष्ट समजून घ्यायला हवी. ब्रिटनमध्ये १९८६ मध्ये गायींच्या मेंदूचा बीएसई हा रोग ओळखला गेला. मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी पुन्हा गायींना चारल्यानं तो पसरला होता. २००१ मध्ये युरोपीय संघानं पाळीव जनावरांच्या खाद्यात प्राणिज प्रथिनांवर सरसकट बंदी घातली. कीटकांसाठी ती सैल झाली २०१७ मध्ये माशांच्या खाद्यापुरती आणि २०२१ मध्ये कोंबड्या व डुकरांसाठी. पण एक अट राहिली. पाळलेला कीटक म्हणजे कायद्यानं पाळीव जनावर, त्यामुळे गायी-कोंबड्यांना जे चारता येत नाही ते त्यालाही नाही. हॉटेलचं खरकटं नाही, शेण नाही, कत्तलखान्यातला माल नाही. राहिलं काय? गव्हाचा कोंडा, स्टार्च कारखान्याचा चोथा, फळं-भाज्यांचे उरलेले भाग. यातलं पुष्कळसं डुकरं आणि गायी आधीपासूनच खात होत्या.

म्हणजे कोंबडीला थेट घालता येईल असा कोंडा आधी अळीला घालायचा, अळी तो खाऊन निम्म्याहून जास्त ऊर्जा हवेत उडवणार, मग वीज जाळून ती वाळवायची आणि कोंबडीला द्यायची. पेठेतला हिशेबनीसही हसेल. फ्रान्समधल्या यिन्सेक्ट या कंपनीनं कोंड्यावर मिलवर्म ही दुसरी अळी वाढवण्यासाठी आमियाँजवळ प्रचंड कारखाना उभारला, गुंतवणूकदारांचे कोट्यवधी युरो त्यात ओतले. २०२४ मध्ये तिला न्यायालयाचं संरक्षण मागावं लागलं आणि पुढच्या वर्षी ती दिवाळखोरीत गेली. उलट स्टार्च कारखान्याला खेटून उभं राहून त्याचा ओला चोथा पाइपनं घेणारी केंद्रं निदान वाहतूक आणि वाळवणीचा खर्च वाचवतात.

आपल्याकडे सोयाला पर्याय शोधायची घाई नेमकी कोणाला आहे, हेही विचारलं पाहिजे. युरोपात सोया हटवायचा आग्रह ब्राझीलमधल्या जंगलतोडीमुळे आहे. लातूर-वाशिमचं सोयाबीन जंगल तोडून पिकत नाही. २०२१ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं, पोल्ट्रीवाल्यांनी आरडाओरड केली आणि ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायची मुभा दिली. २०२४ च्या हंगामात हमीभाव होता ४,८९२ रुपये, आणि शेतकऱ्याला बाजारात तेवढाही मिळेना. त्यात आता धान्यापासून इथेनॉल काढणाऱ्या कारखान्यांचा स्वस्त चोथा पेंडीचा भाव आणखी दाबतो आहे. अशा वेळी सार्वजनिक पैसा सोयाच्या पर्यायावर घालणं म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या ताटात हात घालणं. अळीनं खरी जागा घ्यावी ती फिशमीलची, म्हणजे वाळवलेल्या मासळीच्या भुकटीची. ते सोयापेंडीच्या दुपटी-तिपटीनं महाग आहे आणि त्यासाठी बारीक जाळ्यांत लहान, वाढ न झालेली मासळी खेचली जाते. गोड्या पाण्यातल्या माशांच्या खाद्यात फिशमीलचा चौथा हिस्सा ते निम्मा भाग अळीनं भागवता येतो, वाढीवर फारसा परिणाम न होता.

मग नियम कसा असावा? युरोपासारखा सरसकट कडक ठेवला तर अळीचा मुद्दाच संपतो. काहीच नियम नसला तर जे होईल त्याची कल्पना नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला चांगली आहे. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथे निघाला आणि लाखो कोंबड्या पुरल्या गेल्या. २०२१ मध्ये तो पुन्हा आला. चिकन सेंटरची पिसं, आतडी, रक्त अळीला घालायचं आणि ती जिवंत अळी गावरान कोंबड्यांपुढे टाकायची, हा उद्योग कुणी ‘झिरो वेस्ट’ म्हणून करत असेल तर तो तातडीनं थांबवला पाहिजे. अळीच्या पोटात सालमोनेला, ई-कोलाय यांचं प्रमाण घटतं हे खरं. पण घटणं म्हणजे संपणं नव्हे, आणि बीजाणू करणारे जीवाणू तर सहज तग धरतात.

माझ्या मते आहाराच्या तीन पायऱ्या कराव्यात. पहिली, फक्त वनस्पतिजन्य आणि उगमापाशीच वेगळा ठेवलेला माल: आंब्याच्या पल्प कारखान्यातली साल-कोय, वाइनरीतला द्राक्षचोथा, बुरशी लागलेला मका. अशी अळी उकळून, वाळवून कोंबड्यांनाही चालावी. बुरशीच्या मक्यावर मुद्दाम जोर देतो, कारण अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असलेलं धान्य कोंबडीला घालता येत नाही आणि या अळीच्या शरीरात अफ्लाटॉक्सिन साठत नाही, असं चाचण्यांत दिसलं आहे. पावसात भिजलेल्या मक्याला दुसरा इतका चांगला उपयोग सहजी सापडणार नाही. दुसरी पायरी, हॉटेल-मेसचं मिश्र अन्न: त्यावरची अळी फक्त माशांच्या खाद्यात, तीही उष्णप्रक्रियेनंतरच. तिसरी, शेण, विष्ठा, कत्तलखान्याचा माल, न निवडलेला शहरी कचरा: त्यावर अळी जरूर वाढवा, पण तिचं तेल कारखान्यात आणि उरलेलं खतात जाऊ द्या, खाद्यात कदापि नाही. गायी-म्हशींच्या खाद्यात तर कुठल्याच पायरीची अळी नको; रवंथ करणाऱ्या जनावरांना ती युरोपातही बंद आहे आणि आपल्याकडे दुधाचा विश्वास हा वेगळा विषय आहे.

पहिल्या पायरीतही एक मर्यादा हवी: जनावर थेट खाऊ शकतं ते अळीला नाही. मंडईतला कोबीचा पाला पहाटेच गोठ्यांकडे जातो, तो तिथेच जाऊ द्या. बिअर कारखान्याचा चोथा तर दूध उत्पादक रांग लावून नेतात.

जालन्यात रेशीमकोषांचा बाजार उभा राहिला आहे, त्यामुळे रेशीमकिड्याच्या प्यूपांचाही, म्हणजे कोषातल्या किड्यांचाही, विचार व्हावा. ताज्या कोषाच्या वजनात पाचातले चार भाग प्यूपाच असतो आणि धागा काढल्यावर तो जवळजवळ फुकट पडतो. किडा खातो फक्त तुतीचा पाला, म्हणजे आहाराचा प्रश्नच नाही. पण त्याच्या तेलात असंपृक्त चरबी जास्त, ती दोन दिवसांत खवट होते. धागा काढणाऱ्या रीलिंग युनिटच्या दाराशीच वाळवून तेल काढायची सोय नसेल तर तो माल खाद्यात वापरण्याजोगा राहत नाही.

आता पैसे. घनकचरा नियमांनुसार दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्या, हॉटेलं, मंगल कार्यालयं यांच्यावर ओल्या कचऱ्याची सोय करण्याची जबाबदारी आहे. ते कुणाला तरी पैसे देतातच, निदान द्यायला हवेत. अळी केंद्राचं मूळ उत्पन्न तेच असावं: येणाऱ्या प्रत्येक टनामागे प्रक्रिया शुल्क, काट्यावर मोजून. शेड आणि यंत्रांवर अनुदान दिलं की काय होतं हे आपण गांडूळखताच्या ओस पडलेल्या टाक्यांत पाहिलं आहे. टनामागे पैसे मिळाले तर केंद्र कचरा खरोखर संपवेल आणि अळीचा भाव पडला तरी बंद पडणार नाही. केंद्रं लहान असावीत, दोन ते पाच टनांची, कारण नव्वद टक्के पाणी असलेला माल पन्नास किलोमीटर वाहून नेण्यात डिझेलचाच धूर होतो. वाळवणीला मराठवाड्यात सौर ड्रायर चालतो. पावसाळ्यात चुरमुऱ्याच्या भट्टीतल्यासारखी तापल्या वाळूत अळी भाजता येते, आणि आशियातल्या बऱ्याच लहान केंद्रांत तसंच करतात.

भाजण्याआधी मात्र ती उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवलीच पाहिजे. अळी त्यात क्षणात मरते; कोट्यवधी जीव मारण्याचा आक्षेप ज्यांना अस्वस्थ करतो त्यांचं समाधान यानं होणार नाही, पण उन्हात तडफडत सुकण्यापेक्षा हे बरं. दुसरं, उकळलं नाही तर तिच्यातली विकरं (एन्झाइम) चरबी फोडतात, माल काळा पडतो आणि पोत्यात आठवड्याभरात वास मारतो.

खाद्यवाल्यांनी काय पाहावं? आधी प्रथिनाचा आकडा. प्रयोगशाळा प्रथिनं थेट मोजत नाही. नत्र मोजून त्याला ६.२५ नं गुणते. अळीच्या कातडीतल्या कायटिन या कडक पदार्थामध्येही नत्र असतं आणि ते कोंबडीच्या उपयोगाचं नाही. म्हणून अख्ख्या अळीसाठी ४.७६ हा गुणक धरायला हवा. पोत्यावर ४२ टक्के लिहिलं असेल तर खरं प्रथिन ३२ टक्के. यावर फॉर्म्युला बसवला तर ब्रॉयलरचं वजन का येत नाही हे शोधत बसावं लागतं. चरबी ३० टक्क्यांच्या वर असेल तर ती दाबून काढलेली नाही. खोबरेल तेलासारख्या लॉरिक आम्लाची ही चरबी वाईट नाही, पण खाद्याची ऊर्जा तिनं भलतीच वाढते आणि मॅश, म्हणजे दळलेलं खाद्य, गोळा होतं. राखेकडे लक्ष द्यावं. मोठ्या अळीत कॅल्शियम पाच टक्क्यांहून जास्त निघू शकतं. दहा टक्के अळी घातली की अर्धा टक्का कॅल्शियम तिच्यातूनच आलं. तेवढी चुनखडी फॉर्म्युल्यातून कमी केली नाही तर स्फुरदाशी प्रमाण बिघडून कोंबडीची पिल्लं पायात अडखळतात. मेथिओनिन हे अमिनो आम्ल वेगळं द्यावंच लागतं. ब्रॉयलरला १० टक्क्यांपर्यंत ठीक. १५ टक्क्यांवर वाढ मंदावल्याचं प्रयोगांत दिसलं आहे.

आणि कॅडमियमची चाचणी. ही अळी बाकीचे काही धातू फारसे धरत नाही, पण कॅडमियम आहारात असेल त्याहून जास्त प्रमाणात अंगात साठवते. सांडपाण्यावर पिकलेल्या पालेभाज्या किंवा रस्त्यावरचा झाडलोट कचरा आहारात आला असेल तर पहिला पुरावा तिथे सापडतो. दर लॉटमागे ही एक चाचणी आणि आहाराच्या नोंदवहीची प्रत, एवढं मागून जो केंद्रचालक टाळाटाळ करेल त्याचा माल घेऊ नये.